दर वेळी मरणारा नट

अरे, तो कॅनडाचा म्हातारा नट माहितीये ना, सिनेमा असो की सिरियल, दर वेळी मरणारा? परवा शूटिंगसाठी इथे ओमानमध्ये, दुक्मला आमच्याच हॉटेलात उतरला! चहा देताना मला राहवलं नाही. म्हटलं, "सर, काय मरता हो तुम्ही! दर वेळी नवीन तऱ्हा, आणि दर वेळी मी रडतो."

तो म्हणाला, "हे माझ्या आईला सांग. मी मरतो म्हणून ती माझं एकही काम बघत नाही."

आणि त्यानं खरंच व्हिडिओ कॉल लावला. समोर नव्वदीची म्हातारी!

मी म्हटलं, "आजी, आमच्या वसईत म्हणतात, मरणाची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं."

म्हातारीनं क्षणभर विचार केला आणि लेकाला म्हणाली, "मग पुढच्या सिनेमात दोनदा मर."