उजवीकडं पायथन, डावीकडं जावा

...न्हाई न्हाई, तुमीच सांगा मला, मानसानं एक साधी गोष्ट इचारली तर तिला एक साधं उत्तर असावं का नसावं? वाट कुठली म्हनलं की वाट दावायची, हीर कुठली म्हनलं की हीर दावायची. आमी, पयली कुठली, एवढंच इचारलं हुतं. आन् तुमाला सांगतो, साऱ्या मुलखात एक मानूस निघाला न्हाई की ज्यानं, बाबा मला ठावं न्हाई, असं म्हनलं...

म्हंजे झालं काय, आमची स्वप्नाली, आकारामची पोरगी, माझी नात. वडूजला जाऊन बीएस्सी झाली. सातारा जिल्हा संपतो आन् सांगली सुरू हुती तिथं माळावर आमची वाडी, माझा जलम गेला मेंढरामागं, अंगठ्याचा मानूस मी, आन् ही पोरगी म्हनली, मी कॉम्प्युटरची भाषा शिकून नोकरी करनार. आकाराम काय वाईट बाप न्हाई बगा. त्यो म्हनला, शिक, फुडल्या दिवाळीपतोर नोकरी लागली तर तुझी तू, न्हाई लागली तर मी दावीन तिथं उभं ऱ्हायाचं. पोरगी व्हय म्हनली. हसत म्हनली. त्या वयात वरीस म्हंजे लय लांब वाटतं.

आन् तिनं सुरूबी केलं हुतं की, कुनालाबी न इचारता. पायथन म्हनून एक भाषा हाय, ती मोबाइलवरच शिकायची, शेरडं सोडून बांधावर बसून. एक दिस माझ्याफुडं मोबाइल धरला, कायतरी दाबलं आन् म्हनली, आबा, ह्ये बगा, मी सांगितलं त्ये त्यानं लिवलं. मला कुठलं वाचाय येतंय? मंग तिनंच वाचून दावलं. "आबा, जेवलासा का?" बास, एवढंच. मी म्हनलं, जेवलो की. आन् बसलो दोगं हसत. तसंच चालू दिलं असतं तर... पन न्हाई.

आमच्याकडं रीत हाय. मेंढा इकत घ्यायचा तर चार जनं दात बगत्यात, चार जनं पाठीवर हात फिरवत्यात, मंग त्यो मेंढा ठरतो. बरी रीत हाय, मेंढ्याला. तिचा बाप पारावर सहज बोलला, पोरगी शिकतीया, पयली कुठली बरी? एवढंच इचारलं हुतं त्यानं. झालं.

आमचा आप्पासो, मिलिटरीतनं आलेला, त्यो ताडकन उठला. "आकाराम, पयले सी. पाया पक्का पायजे. रंगरूटाला पयल्या दिवशी बंदूक देत न्हाईत, पयली परेड." आता आप्पासोनं उभ्या जलमात कॉम्प्युटर बगितला त्यो बँकेच्या खिडकीतनं, पन आवाज असा की पाराखालची कुत्री उठून नीट बसली. पोरीला वाटलं, मोठं मानूस सांगतंय, उगंच कशाला सांगंल? पायथन सोडली, सी धरली. लय अवघड असती म्हनं. रोज कपाळाला हात लावून बसायची. तवर यात्रेला आला शिवतेज, माझ्या भावाचा नातू, पुन्यात कंपनीत असतोय, त्यो म्हनला, "आजोबा, सी आता कोण शिकतं? जावा. डोळे झाकून जावा." डोळं त्याचं मोबाइलातच हुतं, म्हंजे झाकल्यासारखंच की. पोरीनं सी सोडली, जावा धरली. पयली कुठली, एवढंच इचारलं हुतं आमी, तवर तिसरी सुरू झाली...

मंग म्हनलं जानत्या मानसाला गाठू. गेलो दोगं सांगलीला, एका क्लासात. आत ह्यो गारठा, मी टॉवेल अंगावर घेतला. टाय लावलेला सायेब पोरीला म्हनतोय, "मॅडम, पहिली-दुसरी असं काही नसतं, तुम्ही तिन्ही घ्या." मी म्हनलं, सायेब, लेकराला पाजाय एकच आई लागती, तिघींच्या वटीत घातलं तर उपाशीच ऱ्हातंय. त्यो काय हसला न्हाई. पानी दिलं.

येताना तासगावच्या स्टँडवर रोहन भेटला, वळखीतलं पोरगं, बेदान्याच्या शेडवर कामाला हाय. त्येला सांगितलं, असं असं. त्यो म्हनला, "कुठलीबी शिकू द्या, आबा. आता यंत्रच लिवतंय समदं." मी म्हनलं तुला रं काय ठावं त्यातलं? म्हनला, "मी तिन्ही शिकलोय." आन् चिकट हातानं बेदान्याची पिशवी माझ्या हातात दिली.

येष्टीत पोरगी खिडकीकडं तोंड करून बसली. एक बेदाना खाल्ला न्हाई. विटा मागं गेल्यावर म्हनली, "आबा, मला एकानं एकच सांगावं. चुकीचं सांगितलं तरी चालंल."

तवा मी म्हनलं, मानसं बास झाली. बिरोबाला कौल लावू.

आता कौल म्हंजे, देवाच्या दोन खांद्याला दोन फुलं पान्यात बुडवून चिकटवायची, पडंल त्या अंगाला देवाचं उत्तर. पुजारी म्हनला, नावं सांगा. पोरीनं तीन सांगितली. पुजारी आमच्याकडं बगतोय, देवाकडं बगतोय. म्हनला, "तिसरं कुठं लावू? देवाला खांदं दोनच." तिथं सी गळाली. आप्पासो अजून माझ्यासंगट बोलत न्हाई. मंग उजवीकडं पायथन, डावीकडं जावा, आन् आमी बसलो हात जोडून. फूल काय पडंना. ऊन पायरीवरनं आत आलं, देवाला भेटलं, भाईरबी गेलं. पडंना. पुजारी म्हनला, देव इचार करतोय, फुडल्या आयतवारी या. गेलो. त्याच्या फुडल्या आयतवारीबी गेलो. पयली कुठली, एवढंच इचारलं हुतं बगा, नांगर उचलाय सांगितला न्हवता! तवर पोरगी काय करनार? सकाळी उजवीकडची शिकायची, सांच्याला डावीकडची. नोकरीसाठी दोन जागी बोलवनं आलं. एक जन म्हनला जावा कच्ची हाय, दुसरा म्हनला पायथन कच्ची हाय. दोगंबी खरंच बोलत हुतं.

आन् दिवाळी आली.

कुंडलचं पावनं आलं. पोरगं वाईट न्हाई, द्राक्षाची बाग हाय, खाली मान घालून बोलतंय. बायांनी भाकरीचं इचारलं. पोराचा मामा म्हनला, शिकलीस काय, बाळ? ती म्हनली, थोडं पायथन, थोडं जावा. मामानं सुपारी कातरली आन् म्हनला, "आधी सी करायला पायजे हुतं."

मी आकारामला बाजूला घेऊन म्हनलं, लेका, कौल लावूया का ह्येला? तर म्हनला, "चांगल्या कामाला देवाला कशाला तरास, आबा?" आता तुमीच बगा. पयली कुठली, ह्याच्यापायी वरीस गेलं, सांगली झाली, पुनं झालं, मिलिटरी झाली, देव झाला. आन् नवरा कुठला, ह्ये चहा निवायच्या आत ठरलं. त्याला चार जनं लागली न्हाईत.

पोरगी नांदाय गेली. गुमान गेली.

परवाच्या आयतवारी मी एकटाच गेलो देवाला. सवय लागली हुती. पुजाऱ्यानंबी सवयीनंच फुलं लावली. आन् तुमाला सांगतो, त्याचा हात मागं यायच्या आत उजवं फूल टपकन खाली. उजवं. म्हंजे तिनं बांधावर बसून, कुनाला न इचारता धरली हुती तीच. मी त्ये उचललं, हातात घेऊन बसलो. म्हनलं देवा, आता गावला व्हय तुला येळ? पुजारी म्हनतोय, घ्या आबा, पावला.

सांच्याला तिचा फोन आला. "आबा, जेवलासा का?"

जेवलो म्हनलं. मंग शेरडांचं झालं, आईचं झालं, तिकडच्या छाटनीचं झालं. आन् मंग हळूच म्हनली, "आज देवाला गेला हुतासा? पडलं का काय?"

फूल माझ्या खिशातच हुतं.

मी म्हनलं, "कुठलं पडतंय, बाय. हाय तसंच चिकटून हाय."

तिकडं पोरगी हसली बगा, लय दिसांनी. म्हनली, "मंग ऱ्हाऊ द्या, आबा. त्यालाबी कळंना."