तोंडची वाफ

मॉस्कोत खारवलेल्या माशांसाठी लागलेल्या रांगेत लिदिया उभी होती. तिच्या नवऱ्याला, प्राध्यापक तुगारिनना, त्याच हिवाळ्यात पोलिसांनी त्यांनी लिहिलेल्या पुस्तकापायी धरून नेलं होतं. तिच्या पुढे एक अध्यापक आणि त्याचा मेहुणा बोलत होते.

“मग दाजी, कॉलेजच्या सभेत भाषण ठोकलंत म्हणे?”

“ठोकलं म्हणजे! त्या पुस्तकाच्या पार चिंधड्या उडवल्या.”

“वाचलं होतंत?”

“वाचायचं कशाला? वरून सांगितलं होतं ना.”

“होतं तरी काय त्यात?”

“खुळचटपणा! म्हणे नाव म्हणजे नुसता आवाज नाही, नावात ती वस्तू स्वतः हजर असते. नाव घेतलं की समोर उभी राहते.”

“मग इथे गारठत कशाला उभं राहायचं? ‘मासा, मासा’ म्हणत घरीच बसू की.”

“अगदी हेच बोललो मी! काय टाळ्या पडल्या! म्हटलं, शब्द म्हणजे तोंडची वाफ.”

“आणि वाफेपायी माणूस तुरुंगात घातला?”

“हळू बोल रे.”

“बरं, नाव काय त्याचं?”

“इथे नको.”

“का? वाफच ना ती?”

“मकार, गप्प बस! तुझ्या बहिणीचा तरी विचार कर.”

अटकेपासून ते नाव लिदियानेही चारचौघांत उच्चारलं नव्हतं.

“आर्सेनी पाव्लोविच तुगारिन,” ती मोठ्याने म्हणाली. “माझे यजमान.”

अध्यापकाने मागे वळून पाहिलं, टोपी डोळ्यांवर ओढली आणि मासे न घेताच तो सटकला.

“सरका पुढे, वहिनी,” मेहुणा म्हणाला. “एक जागा रिकामी झाली.”