मांजराचा हुकूम

दवाखान्याच्या बाकावर शेजारच्या दोघांचं बोलणं कानी पडलं, तसे कमलाकर मास्तर कान देऊन ऐकू लागले. तमाशातली मांजराची विनोदी बतावणी त्यांनीच गुपचूप लिहून दिली होती.

“हरिबा, पाठ कुणी रं फोडली?”

“फौजदारानं. सोंगाड्या मांजर झाला आन् उंदरांला म्हणला, टोप्या काढा! मी लई हसलो.”

“आपल्या साहेबावाणीच की! त्योबी समद्यांला टोप्या काढाय लावतो.”

“हळू बोल! फौजदार म्हणला, ‘मला तर नुसतं मांजर दिसलं. तुला कोण दिसलं, सांग!’”

“मग?”

“काय सांगू? मुकाट मार खाल्ला.”

“आता खेळ बंद की.”

“न्हाय रं. आज सांजच्याला परत लावलाय. समद्यांनी म्होरं बसायचं. कोण हसतंय, ते फौजदार बघणार हाय.”

मास्तरांनी डोळे मिटून हात जोडले.

“देवा, आज कुणालाच हसू येऊ देऊ नकोस.”