गिळून टाकलेला एरर

—छे छे, सिस्टर, तुमचा कॉम्प्युटर ठणठणीत आहे. सगळ्या वॉर्डात एकालाही अ‍ॅलर्जी नाही, हे तुम्हाला खटकलं आणि तुम्ही आलात, ते बरंच झालं. बसा. त्या खुर्चीवर नको, ती माझ्या नवऱ्याची — बरं, बसा तिथेच, तो कुठे येतोय आता! काल त्याने ह्या सिस्टिमच्या कोडमध्ये, रूबी भाषेतल्या, साफसफाई केली, म्हणे. किळस येते हो मला, शपथ! काय केलंय सांगू? पेशंटची नावं, औषधं, अ‍ॅलर्जी — प्रत्येकाचं एकेक मॉडेल असतं. सिस्टिम सुरू होताना त्या मॉडेलची लायब्ररीकडे, म्हणजे डेटाबेसशी बोलणाऱ्या तयार कोडकडे, नोंद व्हावी लागते. नोंद नाही, तर त्याची माहिती डेटाबेसमधून बाहेर येतच नाही. साधं आहे की नाही? तर ह्या शहाण्याने अ‍ॅलर्जीची फाइल हलवली, ती नोंदणी उरकल्यावर लोड व्हायला लागली, लायब्ररी ओरडली — मॉडेल नोंदलेलं नाही! मग ह्याने काय करावं? चूक शोधावी? नाव नको! रेस्क्यू, म्हणजे एरर पकडणारा तुकडा, लिहिला नि तिचं तोंड दाबलं. एरर आला की गिळायचा, रिकामी यादी पुढे सरकवायची. ओरडा बंद, म्हणजे काम झालं!

घरीही हेच. काय बिनसलंय रे, तर ‘काही नाही’. नोकरी सोडतोय हे मला शेजारणीकडून कळावं? परवा बॅग भरत होता, तेव्हाही ‘काही नाही’ — जाऊ दे. तुम्हाला कशाला सांगतेय मी हे.

हा बघा, रेस्क्यू काढला. आला ना खरा एरर बोंबलत! आता ही फाइल नोंदणीच्या आधी लोड करायची... सिस्टिम पुन्हा सुरू... हं, आलं. म्हणजे सकाळपासून तुमच्या स्क्रीनवरचं ‘अ‍ॅलर्जी नाही’ साफ खोटं होतं. हे खिडकीजवळचे आजोबा बघा — लाल अक्षरांत, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी. काय हो? उठलात का? — कोण? दुसऱ्या सिस्टर? — ह्याच आजोबांना? — तुम्ही निघालात तेव्हा पेनिसिलिनचंच इंजेक्शन भरत होत्या? — अहो, मग माझ्या तोंडाकडे काय बघताय! वॉर्डात फोन मी लावते, तुम्ही पळा! पळा!