एल्सपेथ आजीचं गाणं

हेस्टर : नाही लायोनेल, ते गाणं जुनं नाहीये. मीच लिहिलंय. गेल्या मार्चमध्ये, बसमध्ये, बटाट्यांच्या कागदी पिशवीवर.

लायोनेल : हळू बोल! खाली बारमध्ये रेडिओवाले बसलेत. आणि हे मला आत्ता सांगतेस? मॅनेजर आहे मी तुझा, कबुलीजबाब ऐकणारा पाद्री नव्हे! रेकॉर्डच्या पाठीवर छापून आलंय, ‘पारंपरिक. नॉर्थ शील्ड्सच्या धक्क्यावर हेरिंग मासळी साफ करणाऱ्या एल्सपेथ आजीकडून मिळालेलं.’

हेस्टर : आजीबिजी कुणी नाहीच.

लायोनेल : अरे देवा! मग एवढी थाप कशाला मारलीस?

हेस्टर : या लोकगीतांच्या क्लबचा नियम ठाऊक आहे ना? इथं फक्त आपल्या मुलखातली जुनी गाणी गायची. स्वतःचं म्हटलं की निम्मे लोक ग्लास भरायला खाली जातात. एका शुक्रवारी माझी गायची पाळी आली आणि मी घाबरले. म्हटलं, एका म्हातारीनं शिकवलंय. दुसऱ्या कडव्यापासून अख्खी खोली धृपद म्हणत होती. एकोणीस वर्षांची होते हो मी.

लायोनेल : आता वीस झाली, फार अक्कल आली! ऐक. लंडनच्या कंपनीला तू हवीस ती जुनी गाणी शोधून आणणारी पोरगी म्हणून. स्वतः लिहिणाऱ्या त्यांना पैशाला पासरी मिळतात. पाच वर्षांच्या करारावर सही केलीयस तू.

हेस्टर : माझ्याकडे आणखी अकरा गाणी आहेत. माझी स्वतःची.

लायोनेल : छान. तीही आजीचीच.

हेस्टर : म्हणजे पाच वर्षं मी लिहीन ते सगळं, जी बाई नाहीच, तिच्या नावावर?

लायोनेल : मारून टाक तिला. आज रेडिओवर सांग, हिवाळ्यात वारली. म्हणजे कुणी भेटायला मागणार नाही.

हेस्टर : जीव गुदमरतोय माझा! परवा आई म्हणाली, त्या आजीला एकदा जेवायला घेऊन ये. आईशीसुद्धा खोटं बोलले मी. बस झालं. आज खरं सांगणार.

लायोनेल : सांग. उद्या पेपरात ‘खोटारडी’ म्हणून येईल. मग तुझी अकरा गाणी कोण ऐकतंय बघू.

हेस्टर : खोटारडी तर खोटारडी. गाणं तरी माझं राहील. आधी विल्फकाकांना सांगते. क्लब त्यांचा आहे, मला पहिल्यांदा गायला त्यांनीच उभं केलं.

(दार ढकलून सत्तरीचे विल्फ काठी टेकत आत येतात.)

विल्फ : इथं आहेस व्हय पोरी! शोधतोय कधीचा.

हेस्टर : काका, मला सांगायचंय काहीतरी. त्या गाण्याबद्दल.

विल्फ : आधी माझं ऐक. वर्षभर डोक्यात घोळत होतं, हे आपण कुठंतरी ऐकलंय. आज दाढी करताना लख्ख आठवलं. माझी आई म्हणायची गं, धक्क्यावर मासळी साफ करताना! मिठानं बोटं फाटलेली, त्यावर चिंध्या गुंडाळलेल्या, हातात सुरी आणि तोंडात हेच गाणं. मी सहा वर्षांचा असताना गेली ती. तिचा आवाजच आठवत नव्हता मला आजवर. तुझ्यामुळं परत मिळाला बघ.

लायोनेल : वा आजोबा! हे रेडिओवर सांगाल?

विल्फ : सांगून आलो की! त्यांनी टेप चालू केली आणि मी आपला रडत सुटलो, म्हातारा माणूस. तू काय म्हणत होतीस पोरी?

लायोनेल : बोल की हेस्टर.

विल्फ : अगं, बोल.

हेस्टर : काही नाही काका. तुमच्या आई शेवटचं कडवं कसं म्हणायच्या, तेवढंच विचारायचं होतं.