अकराव्या मजल्यावरचा हंडा

(दक्षिण कोरियातलं देगू शहर. नव्या इमारतीखाली सामानाचा ट्रक आणि खिडकीतून सामान वर चढवणारी यांत्रिक शिडी. मालसुनबाई, त्यांची सून हेरिम आणि सामान हलवणारा गीचोल.)

गीचोल : अहो आजी, सोफा शिडीवरून अर्ध्यात पोचला, आणि आता म्हणता खाली घे?

मालसुन : घे बाबा. भाताचं भांडं आत गेल्याशिवाय नव्या घरात काडीसुद्धा जायची नाही. आईनं शिकवलं नाही वाटतं तुला?

गीचोल : शिकवलंय हो. पण सूनबाई कुकर घेऊन उभ्या आहेत की!

हेरिम : कधीची उभी आहे. तांदूळही भरलेत आत. चला ना आई.

मालसुन : तो विजेचा डबा? मी माझ्या हंड्याचं म्हणतेय.

हेरिम : बिडाचा हंडा, अकराव्या मजल्यावर? आई, चूल कुठाय तिथं? काचेची शेगडी आहे, तडकेल. बाल्कनीत ठेवू या. झाड लावू त्यात, छान दिसेल.

मालसुन : झाड!

गीचोल : वहिनी, काय हे बोललात...

मालसुन : धरण झालं तेव्हा आमचं घर पाण्याखाली गेलं, हेरिम. खांब, चूल, सगळं. आला तो हा हंडा. परक्या गावात दगड मांडून याच्याखाली जाळ केला, तेव्हा तुझा नवरा एवढासा होता. वाफेचा वास आला आणि म्हणाला, 'आई, घरी आलो आपण.'

हेरिम : हे कधी बोलले नाहीत ते.

मालसुन : पुरुष काय बोलतात!

हेरिम : मग हंडाच जाऊ दे आधी. कुकर येईल मागून. फक्त... डबा म्हणू नका त्याला. माझ्या पहिल्या पगारातला आहे. झाकणाचं रबर बदलत राहिले, पण तो नाही बदलला.

मालसुन : तुझ्या कमाईचा?

हेरिम : हो.

मालसुन : हंडाही माझ्या कमाईचा. रेशमाचे किडे पाळले होते मी. गाव सोडताना बैलगाडीत जागा एकाच हंड्याला होती. सासूबाईंनी स्वतःचा खाली उतरवला. म्हणाल्या, 'पुढं चुलीशी तू उभी राहणार. तुझा चढव.' त्यांचा तिथंच बुडाला.

हेरिम : आई...

मालसुन : तेवढं मोठं मन नाही हो माझं. मी माझा सोडायची नाही. झाकण काढ आणि तुझा कुकर ठेव आत.

हेरिम : हंड्यात?

मालसुन : ठेव तर. बघ, कसा मापाचा बसला!

गीचोल : सरका, मी उचलतो.

मालसुन : हात लावायचा नाही. एक कान माझा, एक हिचा.

हेरिम : बाई गं! केवढा जड!

मालसुन : असणारच. ताठ चाल. शेजारणी बघतायत, बघू देत.

गीचोल : आजी, सोफा चढवू का मग?

मालसुन : थांब रे. आधी घर होऊ दे.