जादा मदत

(केंटकीतल्या डोंगरी गावातलं चर्चचं तळघर. डिसेंबरची सात तारीख. टेबलावर औषधांच्या बाटल्या. एका बाजूला म्हातारी ओपल, समोर विम्याचा सल्ला देणारी ट्विला.)

ओपल : ...आणि ही पांढरी, कडेला खाच असलेली. माझ्या नवऱ्याची, होबार्टची, रक्त पातळ ठेवायची. सकाळी एक, संध्याकाळी एक. झाल्या अकरा.

ट्विला : एकाही बाटलीवरचं न वाचता! ओपलमावशी, डॉक्टरांनाही इतकं पाठ नसतं.

ओपल : सहावीत शाळा सोडली, डोकं नाही सोडलं. पुढचं बोल.

ट्विला : पुढचं वाईट आहे. तुमच्या औषधविम्यानं जानेवारीपासून ही पांढरी गोळी यादीतून काढलीय. सप्टेंबरात पत्र आलं असेल.

ओपल : तेव्हा विमेवाल्यांची रद्दी येते नुसती! दात दाखवणाऱ्या म्हाताऱ्यांचे फोटो. सगळी शेगडीत घातली मी.

ट्विला : त्यातच होतं ते.

ओपल : अगं बाई! दोन दिवस चुकली होती ही गोळी, तर तोंड वाकडं झालं होतं त्याचं.

ट्विला : नाही चुकणार. वीस विमे ताडून पाहिलेत. एकात अकराही गोळ्या बसतात, शिवाय आपल्या गावातलं औषधांचं दुकानही चालतं. बदलायची मुदत आज संपते, म्हणून आत्ताच करू.

ओपल : तू तर शाळेची बस चालवायचीस. हे कुठं शिकलीस?

ट्विला : निवृत्त झाल्यावर. दर वर्षी परीक्षा देते.

ओपल : आणि पगार?

ट्विला : चर्चची कॉफी.

ओपल : हुशार आहेस, पण व्यवहाराला कच्ची.

ट्विला : असू दे. हप्ता जड जाऊ नये म्हणून सरकारची एक सवलत आहे, तुम्ही तिच्यात बसता. 'जादा मदत' म्हणतात तिला.

ओपल : मदत? उठते मी. आमच्या घरात कुणी हात पसरलेला नाही.

ट्विला : बसा हो. पूर आला तेव्हा सोळा दिवस याच तळघरात गावाला जेवू घातलंत. मीही रांगेत होते. हात पसरला होता का मी?

ओपल : काहीतरीच! ताट धरलं होतंस. भूक लागली होती तुला.

ट्विला : मग?

ओपल : ...जीभ चांगली चालते गं तुझी. माझ्या वळणावर गेलीस. आण तो फॉर्म.

ट्विला : इथं सही. होबार्टकाकांना मी समजावून सांगू? त्यांनाही तो 'मदत' शब्द खटकेल.

ओपल : तू नको. मी सांगते.

ट्विला : काय सांगाल?

ओपल : गोळी घे म्हणून.